दर्जा घसरला, शिस्त बिघडली : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाळांचा दर्जा आणि मुलांची शिस्त या विषयावर आलेल्या पत्रांत दोनच तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात : मुलांना येत काही नाही, आणि मुलं ऐकत नाहीत. या दोन तक्रारी बहुतेक वेळा एकाच मुलाबद्दल असतात. ज्याला धडा वाचता येत नाही, त्याला पस्तीस मिनिटांच्या तासात दंगा करण्याखेरीज दुसरं काम उरत नाही. म्हणून उत्तरं देताना आम्ही अभ्यास आणि शिस्त यांचे कप्पे पाडलेले नाहीत.

प्रश्न : नातू सातवीत आहे. गुण ८५ टक्क्यांच्या आसपास पडतात, पण साधा भागाकार घातला तर चुकतो. आमच्या पिढीला वाटतं, शाळांचा दर्जाच घसरला. हे खरं आहे, की म्हाताऱ्या माणसांना नेहमीच असं वाटतं? – एक आजोबा

उत्तर : तुमच्या शंकेत तथ्य आहे, फक्त तुलना जरा जपून करायला हवी. पूर्वी मागे पडलेला मुलगा शाळाच सोडून देई. सातवीपर्यंत पोचलेली मुलं म्हणजे गाळून उरलेली मुलं होती. आज ती मागे पडणारी मुलंही वर्गात बसलेली आहेत. ती शाळेत टिकली ही चांगली गोष्ट. त्यांना शिकवायचं कसं, हे मात्र शाळांना अजून नीट साधलेलं नाही.

तरीही घसरण केवळ भासाची नाही. पंधरा वर्षांच्या मुलांचं वाचन, गणित आणि विज्ञान मोजणारी ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००० सालापासून होते आहे. तिच्या २०२२ च्या फेरीत ‘ओईसीडी’ या, मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांची गणिताची सरासरी २०१८ च्या मानाने सुमारे १५ गुणांनी आणि वाचनाची सुमारे १० गुणांनी खाली आली. महासाथीत शाळा बंद होत्या हे एक कारण झालंच. पण बऱ्याच देशांत वाचनाची उतरण त्याआधीच लागली होती.

आता ८५ टक्क्यांचं. प्रश्नपत्रिका ओळखीची असेल, धड्याखालचेच प्रश्न येत असतील, उत्तरं फळ्यावरून उतरवून पाठ केलेली असतील आणि वही-प्रकल्पाचे गुण सढळ हाताने दिले जात असतील, तर भागाकार न येताही ८५ पडतात. म्हणून प्रगतिपुस्तक बाजूला ठेवा आणि नातवाला चार गणितं घाला. उत्तर बरोबर की चूक एवढ्यावर थांबू नका. चूक कोणती झाली, ते बघा.

पहिलं : ६०३ वजा २७८. उत्तर ३२५. त्याने ४७५ लिहिलं असेल तर तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे. म्हणजे वजाबाकी कळलेलीच नाही, दुसरीपासून सुरुवात करावी लागेल. ३३५ लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. त्याला उसनं घेता येतं, पण मध्ये शून्य आलं की शतकाकडून आणलेल्या दहा दशकांतलं एक पुढे एककाला द्यायचं आणि दशकाच्या घरात नऊ उरतात, ही पायरी सुटते. ही दुरुस्ती दोन-तीन दिवसांत होते. सुट्या काड्या आणि दहा-दहाच्या जुड्या घेऊन एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

दुसरं : ४०३२ भागिले ८. उत्तर ५०४. ‘५४’ हे उत्तर इतकं सर्रास येतं, की सातवीच्या कुठल्याही वर्गात ते सापडेल. तीनात आठ जात नाहीत म्हणून भागफळात शून्य मांडायचं, हे राहून जातं. यावर उपाय म्हणजे आधी अंदाज करायला लावणं : चार हजारांचे आठ वाटे केले तर एक वाटा साधारण केवढा? पाचशेच्या जवळचा, हे तोंडी सांगता आलं की ‘५४’ त्याचं त्यालाच खटकेल.

तिसरं : एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. उत्तर ‘दोन पंचमांश’ आलं, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. दोन पंचमांश हे अर्ध्याहून कमी असतात. अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी कसं होईल, एवढं विचारा आणि गप्प राहा. चौथं : ०.५ गुणिले ०.२. उत्तर ०.१. इथे १.० आलं, तर दशांश चिन्हाचा अर्थ न कळता नुसता नियम पाठ झाला आहे.

चारांपैकी तीन चुकली तरी रागावू नका. चूक नेमकी कुठली हे कळलं, म्हणजे निम्मं काम झालं. त्याला पुन्हा सातवीचं पुस्तक पहिल्या पानापासून करायला बसवणं मात्र व्यर्थ आहे.

प्रश्न : सातवीच्या वर्गावर शिकवते. ४८ मुलं. प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं गोंधळ आवरण्यात जातात. ओरडून घसा बसतो, वर्गाबाहेर काढलं तरी दुसऱ्या दिवशी तेच. – एक शिक्षिका

उत्तर : बाई, रोज दहा मिनिटं म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासाचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग. तेवढं शिकवणं कमी होतं. दर्जा घसरतो तो इथे, आणि त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

जेकब कूनिन या अमेरिकी संशोधकाने १९७० च्या सुमारास वर्गांची चित्रफीत घेऊन अभ्यास केला. ज्यांचा वर्ग शांत असतो ते शिक्षक दंगा झाल्यावर काहीतरी विशेष करत असतील, अशी अपेक्षा होती. तसं आढळलं नाही. दंगा झाल्यावर दोन्ही प्रकारचे शिक्षक साधारण सारखंच बोलत होते. फरक होता तो दंगा व्हायच्या आधी. चांगल्या शिक्षकांच्या वर्गात रिकामा क्षण राहतच नव्हता, आणि फळ्याकडे तोंड असतानाही मागे काय चाललंय हे बाईंना कळतं, अशी मुलांची खात्री होती.

तेव्हा सुरुवात दारापासून करा. घंटा झाली की वर्गाच्या दारात उभ्या राहा, अशा की एक नजर आत आणि एक बाहेर राहील. मुलं आत येताना फळ्यावर चार प्रश्न लिहिलेले असावेत : दोन कालच्या धड्यावरचे, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. वही काढायची, न बोलता लिहायचं, वेळ पाच मिनिटं. प्रश्न सोपे हवेत, निदान दोन तरी प्रत्येकाला येतील असे. चुकतं ते इथेच. पहिल्याच दिवशी अवघड प्रश्न घातला की अर्धा वर्ग हातावर हात ठेवून बसतो, आणि बोलायला सुरुवात होते. पाच मिनिटं झाली की उत्तरं तोंडी सांगा, मुलांनी आपापलं तपासावं. तुम्ही वह्या गोळा करू नका. गोळा करायला लागलात तर दहा दिवसांत थकाल आणि हा क्रम मोडेल.

शांततेसाठी एकच खूण ठरवा. हात वर करणं पुरे. हात वर केला की थांबायचं, सगळे शांत होईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. सुरुवातीला मिनिटभर लागेल, ते मिनिट फार लांब वाटेल, पण गोंगाटावर आवाज चढवून एकदा जरी बोललात, तरी मुलं शिकतात की बाई बोलत असताना बोललं तरी चालतं.

सूचना देताना चार गोष्टी सांगा : काय करायचं, किती वेळात, बोलायचं की नाही, आणि आधी झालं तर पुढे काय. ‘उदाहरण तीन आणि चार, आठ मिनिटं, एकट्याने, झालं की पाच घ्या.’ शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. हुशार मुलांचं चार मिनिटांत होतं, आणि उरलेल्या चार मिनिटांत गडबड सुरू होते ती त्यांच्याच बाकावरून.

कुणी चुकलं तर सर्वांत लहान उपाय आधी. नजर. मग त्याच्या बाकापाशी जाऊन उभं राहणं, शिकवणं चालूच ठेवून. मग हळू आवाजात नाव. मग त्याच्याच कानाशी एक वाक्य : ‘इथे बसून काम कर, नाहीतर पुढच्या बाकावर ये.’ एवढं बोलून लगेच दूर व्हा, त्याच्या उत्तराची वाट बघत उभ्या राहू नका. सर्वांसमोर मान खाली घालायला लावलं, की बारा-तेरा वर्षांच्या मुलाला उलट बोलणं भागच पडतं, कारण सगळा वर्ग त्याच्याकडे बघत असतो. उरलेलं बोलणं तास संपल्यावर, एकट्याशी. एकासाठी सगळ्या वर्गाला शिक्षा तर कधीच नको. जी मुलं तुमच्या बाजूची असतात, तीही तुटतात.

प्रश्न विचारताना आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने मोजलं, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ती वाट तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. नाव आधी घेतलंत तर उरलेली ४७ मुलं सुटली.

वर्ग फारच हाताबाहेर गेला असेल, तर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या चौथीच्या एका वर्गावर करून पाहिलेला खेळ वापरा. वर्गाचे दोन गट. नियम दोन : न विचारता जागेवरून उठायचं नाही, न विचारता बोलायचं नाही. नियम मोडला की त्या गटाच्या नावापुढे फळ्यावर एक रेघ. पाचापेक्षा कमी रेघा पडलेला गट जिंकला. दोन्ही गट जिंकू शकतात, हे महत्त्वाचं. बक्षीस म्हणजे शेवटची पाच मिनिटं आवडीचं काम किंवा रांगेत पहिलं जाणं, वस्तू नको. आधी वीसच मिनिटं खेळा. रेघ मारताना भाषण करू नका, मुलाचं नावही घेऊ नका. एखादं मूल मुद्दाम गटाला हरवत असेल, तर त्याचा एकट्याचा तिसरा गट करा. खेळ बंद केल्यावर गोंधळ परत आला, हेही त्या प्रयोगात दिसलं होतं. म्हणून तो एकदम बंद न करता खेळाची वेळ हळूहळू वाढवत न्या, आणि मग दिवसाआड करा.

हे सगळं पहिला आठवडा नव्याचे नऊ दिवस म्हणून चालेल. तिसऱ्या आठवड्यात घसरेल. तेव्हा ‘हेही जमलं नाही’ म्हणून सोडून देऊ नका. आत कसं यायचं, वही कशी काढायची, हे धड्यासारखंच पुन्हा एकदा करून घ्या, वर्गाबाहेर जाऊन परत आत येण्यापासून.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे, पण वाचताना अडखळतो. वाचायला बसवलं की रडतो किंवा भांडतो. रोज तासभर घेऊन बसते, तरी फरक नाही. – एक आई

उत्तर : ताई, तासभर खूप झाला. बारा मिनिटं पुरे, पण रोज.

आधी पुस्तक योग्य आहे का ते बघा. कुठल्याही पानावरचे १०० शब्द वाचून घ्या आणि किती चुकतात ते मनात मोजा. पाचच्या आत चुकले तर पुस्तक सोपं, सरावाला उत्तम. दहापेक्षा जास्त चुकले, तर ते पुस्तक तूर्त बाजूला. मग दुसरी-तिसरीचं पुस्तक घ्यावं लागलं तरी घ्या, फक्त त्याच्यावरची इयत्ता झाकून टाका.

बारा मिनिटांची विभागणी अशी. साठ-सत्तर शब्दांचा एक परिच्छेद आधी तुम्ही वाचायचा, शब्दाखालून बोट फिरवत, त्याने बघायचं. मग दोघांनी बरोबर. मग त्याने एकट्याने, सलग तीनदा. तिसऱ्या खेपेला वेग वाढलेला त्याला स्वतःलाच जाणवतो, आणि रडणं थांबतं ते यामुळे. शेवटी परिच्छेदात काय घडलं ते त्याच्या शब्दांत. अडला की लगेच शब्द सांगू नका. मनात पाच आकडे मोजा. तरी नाही आलं तर शब्द सांगा आणि पुढे चला, त्यावर तिथेच व्याख्यान नको.

तो कुठे अडतो याची यादी करा. मराठीत अडायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे र. ‘कर्म’, ‘क्रम’, ‘राष्ट्र’, ‘सुऱ्या’ या चार शब्दांत र चार वेगळ्या रूपांत येतो, आणि ‘कर्म’मधला रफार तर ज्या अक्षराच्या आधी उच्चारायचा त्याच्या डोक्यावर बसलेला असतो. दुसरी ऱ्हस्व वेलांटी : ‘स्थिती’मध्ये ती स्थ या अख्ख्या जोडाक्षराच्या आधी दिसते, पण बोलायची नंतर. तिसरी अडचण प्रत्यय जोडून लांबलेल्या शब्दांची : ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ हा शब्द बघूनच मूल हबकतं. तो झाकून-झाकून दाखवा. विद्यार्थी, विद्यार्थ्यां, विद्यार्थ्यांसाठी, विद्यार्थ्यांसाठीच्या. रोज एकाच प्रकारचे सहा-सात शब्द, दोन मिनिटं.

पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द ठोकून देणं, ‘परत’च्या जागी ‘पण’ वाचणं, ही सवय असेल तर चित्रं झाका. चित्रावरून अंदाज बांधत तो पाचवीपर्यंत आला असण्याची शक्यता मोठी आहे.

सर्वांत आधी मात्र डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं न दिसणारी किती तरी मुलं ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातात. आणि तीन-चार महिने रोज सराव करूनही प्रगती होत नसेल, किंवा घरात आणखी कुणाला वाचायला असाच त्रास झालेला असेल, तर वाचनअक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या. त्याचा बुद्धीशी संबंध नाही, आणि जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

प्रश्न : आम्ही मास्तरांच्या छड्या खाऊनच शिकलो. आता हात लावायची सोय नाही, म्हणून मुलं शेफारली. दोन फटक्यांनी काय बिघडतं? – एक वडील

उत्तर : फटका मारला की मूल त्या क्षणी थांबतं. त्यामुळे उपाय लागू पडला असं मारणाऱ्याला वाटतं. पुढे काय होतं ते एलिझाबेथ गर्शॉफ या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१६ मध्ये ७५ अभ्यास एकत्र करून पाहिलं. त्यात दीड लाखाहून जास्त मुलांची माहिती होती, आणि तीही आईवडिलांनी उघड्या हाताने मारलेल्या चापटांची, अमानुष माराची नव्हे. मूल जास्त ऐकू लागलं किंवा चांगलं वागू लागलं, असं त्यातून निघालं नाही. जास्त मार आणि जास्त आक्रमकपणा, मनाचे त्रास, आईवडिलांशी दुरावा हे मात्र एकत्र आढळलं.

छडी खाऊन शिकलेले लोक आज बोलायला आहेत. छडीला भिऊन शाळा सोडलेले या चर्चेत कुठे असतात?

तुमच्या तक्रारीचा दुसरा भाग मात्र आम्हाला पूर्ण मान्य आहे. छडी गेली, आणि तिच्या जागी बऱ्याच घरांत आणि शाळांत काहीच आलं नाही. नुसतं समजावणं आलं, तेही दहा वेळा. मुलाला परिणाम भोगावाच लागला पाहिजे. तो लहान असावा, चुकीशी जोडलेला असावा, आणि न चुकता व्हावा. बाकावर लिहिलं तर बाक पुसायचा, एकटा आपला नव्हे तर सगळी ओळ. मधल्या वेळात कुणाला ढकललं तर पुढचे दोन दिवस मधल्या वेळात शिक्षकांच्या नजरेसमोर थांबायचं. गृहपाठ नाही केला तर तो शाळा सुटल्यावर तिथेच बसून पुरा करायचा, हे घरी आधी कळवून. मुलाला जरब बसते ती परिणामाच्या खात्रीने. दहातून एकदा मिळालेली मोठी शिक्षा ‘आज मूड खराब होता’ एवढंच शिकवते.

प्रश्न : मी दहावीत आहे. प्रत्येक धडा तीन-तीनदा वाचते, ओळी रंगवते, तरी पेपरात आठवत नाही. सगळे म्हणतात अभ्यासात लक्ष नाही. – एक विद्यार्थिनी

उत्तर : लक्ष आहे, पद्धत चुकते आहे. पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बंद करून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले.

धडा एकदा सावकाश वाच. पुस्तक मिट. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, दहा मिनिटं, तुटक शब्दांत चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भर. दुसऱ्या रंगात जे आहे तोच तुझा अभ्यास. हाच कागद न बघता दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पुन्हा. सुरुवातीला फार थोडं आठवेल आणि आपण ढ आहोत असं वाटेल. तो त्रास होतो म्हणजेच काम होतं आहे.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाईल, सकाळी उठत नाही, वर्गात पेंगते. काढून घेतला तर घरात रणकंदन. – आईवडील

उत्तर : आधी झोप, मग मोबाईल. अमेरिकेतल्या झोपविषयक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेली शिफारस अशी : सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास. सकाळी सहाला उठायचं असेल तर तुमच्या मुलीने दहाला झोपलेलं असायला हवं. पाच तास झोपलेल्या मुलीला आपण आळशी, चिडखोर आणि बेशिस्त म्हणतो, आणि ती असते नुसती अर्धवट झोपेत.

मोबाईल कायमचा काढून घेऊ नका, त्याची जागा ठरवा. रात्री साडेनऊला घरातले सगळे मोबाईल एकाच ठिकाणी चार्जिंगला, झोपायच्या खोलीबाहेर. सगळे म्हणजे वडिलांचाही. हा नियम मोडतो तो बहुधा इथेच. गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर ‘गजर लावायचाय’ म्हणून मोबाईल उशाशी परत येतो. ‘अभ्यासाचं त्यातच येतं’ हा दुसरा मार्ग. शाळेच्या गटावर आलेला गृहपाठ संध्याकाळी सातच्या आत वहीत उतरवून घ्यायचा, आणि सातनंतर शाळेने काही पाठवू नये अशी विनंती पालकांनी मिळून करायची.

झोपेची वेळ एकदम तीन तास मागे आणू नका, झोप लागणारच नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. सकाळी उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पक्की, सुटीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त फरक नको. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल. त्या दिवसांत नवा वाद काढू नका आणि नियमही सैल करू नका.

शाळेच्या वेळेतला मोबाईल हा निराळा मुद्दा. फ्रान्सने २०१८ मध्ये पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत तो वापरायला कायद्याने बंदी केली. बंदी टिकायची तर दप्तरात बंद ठेवून भागत नाही. सकाळी वर्गशिक्षकांकडे जमा, सुटताना परत, असं असेल तरच टिकते.

प्रश्न : प्रकल्प आणि गृहपाठ पालकच करतात. मग तो द्यायचा कशाला? – एक शिक्षक

उत्तर : पालकांना करावा लागेल असा देऊ नये. वर्गात शिकवून झालेलं, मुलाला एकट्याला जमेल असं, प्राथमिकला वीस मिनिटांत आणि आठवी-नववीला तासाभरात संपेल इतकंच द्या. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक प्रश्न वर्गात पुस्तक मिटून सोडवायला द्या, कुणी केला ते लगेच कळतं. आणि तपासताना गुण आणि शेरा एकत्र देऊ नका. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये दाखवलं, की नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली, तर शेऱ्याशेजारी गुण लिहिले की मुलं केवळ गुण बघतात आणि शेऱ्याचा उपयोग जातो. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ हे शेरे नव्हेत. ‘तिसऱ्या पायरीत चिन्ह बदललं नाही, ते बदलून पुन्हा सोडव’ हा शेरा.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शिक्षकांना उलट बोलतो, वर्गातून उठून जातो. शाळेने तीनदा बोलावलं. दरवेळी माफीपत्र लिहून दिलं, पंधरा दिवसांनी तेच. घरी तो असा वागत नाही. – एक आई

उत्तर : घरी असा वागत नाही, ही तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगाची ओळ. म्हणजे वर्गातच असं काहीतरी आहे ज्यापासून तो सुटू बघतो. वर्गाबाहेर काढणं ही जर शिक्षा असेल, तर त्याला हवं तेच शिक्षा म्हणून मिळतं आहे.

वर्गशिक्षकांना दोन आठवडे एक साधी नोंद ठेवायची विनंती करा. चार रकाने : तास कोणता, प्रसंगाच्या लगेच आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. ‘उद्धटपणा केला’ असं लिहून उपयोग नाही. ‘उभं राहून वाचायला सांगितलं, पुस्तक आपटलं, बाहेर पाठवलं’ असं लिहायचं. दोन आठवड्यांत आकृती दिसू लागते. ती बहुतेक वेळा एकदोन विषयांभोवती, आणि मोठ्याने वाचणं, फळ्यावर जाऊन गणित करणं, वही दाखवणं अशा क्षणांभोवती असते. पंचेचाळीस मुलांसमोर येत नाही हे उघड होण्यापेक्षा उद्धट ठरणं चौदा वर्षांच्या मुलाला परवडतं.

आजोबांना दिलेली चार गणितं आणि १०० शब्दांचं वाचन याच्याकडूनही करून घ्या, घरी, एकट्याने. पाचवीच्या पातळीवर अडकला असेल तर चकित होऊ नका. त्यानंतर शाळेत चौथ्यांदा जाल, तेव्हा माफीपत्र न नेता हे कागद न्या. वीस मिनिटं मागा. वर्गशिक्षक आणि ज्यांच्या तासाला हे घडतं ते शिक्षक, दोघंही असू द्या. मुलाला पहिली दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग आत घ्या. मागायचं ते असं : महिनाभर त्याला अचानक उभं करून वाचायला सांगू नये, सांगायचं तर आदल्या दिवशी परिच्छेद दाखवावा. त्या बदल्यात तुम्ही रोज घरी त्याच्या खऱ्या पातळीपासून वीस मिनिटं घ्याल.

आणि एक रोजचं कार्ड. त्यावर तीनच गोष्टी, तीनही ‘काय करायचं’ अशा भाषेत : वेळेत आत येणं, काम सुरू करणं, काही हवं असेल तर हात वर करणं. प्रत्येक तासाला शिक्षकांनी प्रत्येकापुढे ०, १ किंवा २ लिहायचं, दहा सेकंदांचं काम. आठ तासांचे जास्तीत जास्त ४८ गुण होतात. पहिल्या आठवड्यात तो आज जिथे आहे त्याहून किंचित वर लक्ष्य ठेवा, ४८ पैकी २५ असेल तरी चालेल. एकदम ४० ठेवलंत तर तो दुसऱ्या दिवशी कार्ड हरवून येईल. घरी कार्ड बघताना आधी दोन कुठे मिळाले ते विचारा, शून्य कुठे मिळालं ते नंतर. लक्ष्य गाठलं तर आधी ठरलेली छोटी मोकळीक त्याच दिवशी द्यायची, नाही गाठलं तर फक्त ती मोकळीक नाही, वेगळी शिक्षा नाही. कार्ड हरवलं तर शून्य धरायचं, वाद घालायचा नाही.

कार्डावर दमदाटी लिहिली जात असेल तर वर्गशिक्षकांना शांतपणे सांगा, की तिथे फक्त आकडे हवेत. सलग तीन आठवडे ४० च्या पुढे राहिला, की रोजचं कार्ड आठवड्याचं करा, आणि मग बंद. वाचनाची वीस मिनिटं मात्र त्यानंतरही चालू ठेवा, निदान वर्ष संपेपर्यंत.